मे महिन्यातलं पास्ता सॅलड: विकत काय आणायचं आणि हाताने काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या फोंड्याच्या एक ताई विचारतात की मे महिन्यात मुलीचा वाढदिवस आहे, संध्याकाळी गच्चीवर, २२ माणसं, त्यांत ८ मुलं. वार सोमवार, म्हणून सगळं शिवराक (शाकाहारी), अंडंही नको. गेल्या वर्षी त्यांनी आदल्या रात्री पास्ता सॅलड करून ठेवलं होतं. सकाळी त्याचा गोळा झाला, मेयोनेज दिसेनासं झालं, संध्याकाळपर्यंत वासही बरा येईना. या वेळी जास्तीत जास्त तयार वस्तू वापरून सोप्यात करायचंय. "कुठलं मेयोनेज घेऊ?" हा त्यांचा नेमका प्रश्न.

ताई, मेयोनेजवर नंतर येतो, कारण तुमचं दुखणं मेयोनेजचं नाही. तुमचं सॅलड स्वयंपाकघरातून ताटात पोचायला अठरा-वीस तास लागले आणि तेवढ्या वेळात पास्त्याचं काय होतं, हा खरा प्रश्न आहे. मी नऊ वर्षं हॉटेलच्या थंड विभागात होतो, म्हणजे सॅलड, चटण्या, कापलेली फळं वगैरे. त्यानंतर बरीच वर्षं घरगुती समारंभांची जेवणं करतोय. पास्ता सॅलडबद्दल तक्रार आली की ती ह्या तीनांपैकी एक असते: कोरडं पडलं, फिकं लागलं, नाहीतर आंबलं. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्हींवर उपाय सोपे आहेत.

आधी कोरडं का पडतं ते बघू. फ्रिजमधला शिळा भात आठवा. रात्री मऊ असतो, सकाळी शीत न् शीत टणक. पिष्ट शिजताना पाणी पिऊन फुगतं आणि थंड झालं की पुन्हा घट्ट बसतं. पास्त्याचं तेच होतं. शिवाय तो मसाल्यातलं, म्हणजे सॅलडच्या ड्रेसिंगमधलं, पाणी पीतच राहतो. मेयोनेजमधलं पाणी पास्त्याने ओढून घेतलं की मागे उरतो तो तेलकट लेप. तुमचं मेयोनेज 'गायब' झालं ते असं. म्हणून गरम पास्त्याला लागू असलेले दोन नियम थंड सॅलडला उलटे करायचे. एक, पास्ता दाताला किंचित लागेल असा न ठेवता पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त शिजवायचा, कारण थंड झाल्यावर तो घट्ट होणारच आहे. दोन, गाळल्यावर तो धुवायचा. गरम पास्ता धुतला तर सॉस धरत नाही हे खरं, पण इथे वरचं चिकट पिष्ट गेलेलंच बरं, नाहीतर गोळा ठरलेला.

हे 'एक मिनिट जास्त' मात्र पास्ता कशाचा आहे त्यावर अवलंबून. पाकिटाच्या मागे घटक वाचा, जो जास्त तो पहिला लिहिलेला असतो. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असेल तर निर्धास्त राहा. ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गव्हाचा प्रकार, कडक दाण्याचा, शिजून आकार सोडत नाही. मैदा आधी लिहिला असेल तर वेळेच्या दोन मिनिटं आधीच एक तुकडा काढून नखाने तोडून बघायचा. मध्ये पांढरा ठिपका दिसला नाही की लगेच गाळायचा. मैद्याच्या पास्त्याला जास्तीचं मिनिट दिलंत तर ढवळताना त्याची खीर होईल. आकार फुसिलीचा घ्या, तो स्क्रूसारखा पिळाचा, मसाला पिळात अडकतो. मुलांसाठी वाकडी मॅकरोनीही चालेल. शंखाच्या आकाराचा नको, पोटात पाणी धरून बसतो.

१ किलो कोरडा पास्ता तुम्हाला पुरेल. बरोबर पुलाव, कटलेट, केक असणार असं धरून माणशी ५० ग्रॅमच्या आसपास. शिजून त्याचा सव्वादोन किलोच्या घरात होतो. भाज्या वेगळ्या. एका टोपात किलोभर शिजवू नका. अर्धा-अर्धा किलो, दर वेळी ५ लिटर पाणी आणि लिटरमागे १० ग्रॅम मीठ, म्हणजे दोन सपाट लहान चमचे. पाणी चवीला साराइतकं खारट लागायला हवं. पास्त्याच्या आत मीठ शिरण्याची ही एकच वेळ, नंतर वरून घातलेलं मीठ वरच राहतं.

आता गोव्याच्या मे महिन्यातली एक गंमत. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला इतकं गरम येतं की त्याने पास्ता धुतला तर तो नीट थंड होतच नाही. हा धडा मी भर कामात शिकलो. त्यामुळे आधी नळाच्या पाण्याने चिकटपणा काढा आणि शेवटचं पाणी पिण्याचं, गाळलेलं, बर्फ घातलेलं घ्या. हा पास्ता पुन्हा गरम होणार नाही, म्हणूनही शेवटचं पाणी पिण्याचंच हवं. मग चाळणीत पाच मिनिटं नीट निथळू द्या. घाई केलीत तर तळाला पाणी साचतं आणि चव पातळ होते.

दुसरी तक्रार, फिकं लागण्याची. यात मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

आपल्याकडे पेज कशी खातात? उकड्या तांदळाची मऊ, जवळजवळ बेचव पेज आणि बाजूला चेपणीचं तोर. मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरलेली ती कोवळी कैरी जराशी चावली की वाटीभर पेज सहज जाते. पास्ता सॅलडचा हिशोब अगदी हाच. मऊ, फिकं पिष्ट आणि त्यात मध्येमध्ये काहीतरी खारट-आंबट लागायला हवं. इटलीकडे हे काम ऑलिव्ह करतात, किंवा केपर नावाच्या मिठातल्या कळ्या. मी कित्येक वर्षं ऑलिव्हच्या बाटल्या आणत होतो. एकदा ऐन वेळी बाटली कमी पडली, घरात पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) तोरं होती, ती बारीक चिरून घातली. जेवणानंतर तीन जणांनी विचारलं, सॅलडमध्ये ते आंबट काय होतं? तेव्हापासून मी ऑलिव्ह घातलेलं नाही. सध्या मेच चालू आहे, पावसाळ्याच्या बेगमीचं सगळं बाजारात येतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर येतंच. गेल्या वर्षीची मुरलेली तोरं मिळाली तर उत्तम. किलो पास्त्याला मध्यम आकाराची ६-७ तोरं पुरतात. बाठा काढायचा, पाऊण तास साध्या पाण्यात बुडवून जास्तीचं मीठ उतरवायचं आणि हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करायचे. मुलांच्या वाटणीत कमी घाला. मिस्कूट (मसालेदार कैरीचं लोणचं) मात्र नको, त्यातलं तेल-मसाला सगळ्यावर मात करतो.

दुसरी गोष्ट व्हिनेगर. दुकानात मिळणारं पांढरं स्वस्त व्हिनेगर बहुतेक वेळा सिंथेटिक असतं, लेबलवर तसं लिहिलेलंही असतं. ते नुसतंच नाकात जातं. गोव्यात राहून ते वापरायचं कारण काय? माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर इथे कुठेही मिळतं, त्याला आंबटाबरोबर थोडी गोडसर, आंबवलेली चव असते. एक शंका आहे: सोमवारच्या शिवराक जेवणात सुरेचं व्हिनेगर घरातल्या आजींना चालेल का, हे त्यांनाच विचारून घ्या. माझ्या अनुभवात निम्म्या घरांत कोणी काही म्हणत नाही, निम्म्यांत म्हणतात. चालत नसेल तर लिंबू, पण लिंबाचा रस वाढायच्या आधीच घाला, आदल्या रात्री घातलेला कडवटतो.

१ किलो पास्त्याचा मसाला मी असा करतो. तेल २०० मिली, व्हिनेगर १०० मिली, तयार मोहरी सॉस दोन मोठे चमचे, साखर दोन लहान चमचे, मीठ दोन लहान चमचे, भरपूर ताजी मिरपूड. सगळं एका बरणीत घालून झाकण घट्ट लावून खळखळ हलवायचं. मोहरीमुळे तेल आणि व्हिनेगर लगेच फुटत नाहीत. पुस्तकांत तीन भाग तेलाला एक भाग आंबट असं प्रमाण सांगतात, ते पालेभाजीच्या सॅलडला ठीक. पास्त्याला मी दोनास एक धरतो, कारण गरम असताना चाखून बरोबर वाटलेलं थंडगार झाल्यावर फिकं लागतं. बरणीतलं चाखलंत तर 'जास्तच झालं' असं वाटलं पाहिजे. तेल कुठलं? ऑलिव्ह ऑइल असेल तर चांगलंच, पण फ्रिजमध्ये ते थिजतं आणि पांढरे कण दिसतात. पाहुणे विचारतात हे काय. मी निम्मं सूर्यफुलाचं घालतो.

आणि पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनो-चिली फ्लेक्सच्या पुड्या तुमच्याही फ्रिजच्या दारात साठलेल्या असणारच. त्या इथे संपवा. ओली बेझिल नाही मिळाली म्हणून वृंदावनातली तुळस मात्र घालू नका. हे करणारी माणसं मी पाहिली आहेत. तिची चव लवंगेच्या अंगाने जाते, सॅलडला काढ्याचा वास येतो. त्यापेक्षा कोथिंबीर.

तर मेयोनेज. हिरवा ठिपका असलेलं, म्हणजे बिनअंड्याचं, कुठलंही चांगल्या खपाचं घ्या. दुकानात ज्याची पाकिटं पटापट हलतात ते ताजं मिळतं, मला तेवढी कसोटी पुरते. चवीत फरक असतो, काही गोडच असतात, तशी घेतलीत तर मसाल्यातली साखर वगळा. पण मेयोनेज हा मुख्य मसाला करू नका. मुलांना तो पांढरा मलईदारपणा हवा असतो म्हणून २५० ग्रॅमचं एक पाकीट, तेही वाढायच्या आधी अर्धा तास, वरच्या मसाल्यातला निम्मा पास्त्याला आधीच चोळून उरलेल्या निम्म्यात मिसळून. गच्चीवरच्या उकाड्यात नुसतं मेयोनेजचं सॅलड वरून वाळतं, पिवळट दिसतं, कडेने तेल सोडतं.

तयार वस्तूंपैकी मी मनापासून शिफारस करतो ती गोठवलेले मटार आणि स्वीटकॉर्न. फक्त ते नुसते वितळवून घालायचे नाहीत. पास्ता उतरवायच्या दीड-दोन मिनिटं आधी त्याच उकळत्या पाण्यात टाकायचे, म्हणजे वेगळं भांडंही नको. ही माझी उगाचची खोड नाही. २०१५ ते २०१८ दरम्यान युरोपातल्या पाच देशांत लिस्टेरियाची लागण झाली, ९ माणसं गेली, आणि माग काढल्यावर बोट गोठवलेल्या मक्याकडे गेलं. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, थांबतात. डब्यातला मका आधीच शिजलेला असतो, तो निथळून सरळ वापरता येतो. डब्यातले छोले मिळाले तर तेही, फक्त धुवून घ्या.

चीजबद्दल माझं मत ऐकून माझे जुने सहकारी हसतील. मे महिन्यात गच्चीवर न्यायच्या सॅलडला साधे प्रोसेस्ड चीजचे क्यूब सगळ्यात चांगले. त्यांत तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते उकाड्यात तूप सोडत नाहीत. ताजं मोझरेला पाणी सोडतं. पनीर चांगलं लागतं, पण सगळ्यात आधी नासणारं तेच. घालायचंच असेल तर वाढण्याच्या वेळी.

भाज्यांत ढोबळी मिरची आणि गाजर आदल्या दिवशी चिरून ठेवता येतात. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर जे ताजं दिसेल ते घ्या. काकडी-टोमॅटो पाणी सोडतात, मीठ लागलं की जास्तच. दोन्हीच्या बिया काढायच्या आणि शेवटी घालायचे. कांदा बारीक चिरून दहा मिनिटं चमचाभर व्हिनेगरमध्ये ठेवला तर उग्रपणा जातो. शेवटी मूठ-दोन मुठी भाजलेले काजू. ते आधी घातले तर मऊ पडतात आणि गोव्यात काजू मऊ वाढणं हा मी गुन्हा समजतो. पिकलेला मानकुराद आंबा घालू का असं कोणीतरी विचारेलच. नको. तो कापून वेगळा वाढा, त्याला पास्त्याची सोबत कशाला?

तिसरी तक्रार, आंबण्याची. सगळे मेयोनेजला दोष देतात. बाजारचं मेयोनेज चांगलंच आंबट असतं, जंतूंना ते आवडत नाही. धोका शिजलेल्या पिष्टाचा. बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू भातात-पास्त्यात सापडतो, त्याचे बीजाणू उकळूनही टिकतात आणि अन्न कोमट राहिलं की वाढून विष तयार करतात. उलट्या करवणारं ते विष नंतर गरम करूनही जात नाही. बेल्जियममध्ये २००३ साली एका घरातली पाच मुलं पास्ता सॅलड खाऊन आजारी पडली, त्यांतली एक सात वर्षांची मुलगी दगावली. सॅलड शुक्रवारी केलेलं, शनिवारी सहलीला नेलेलं, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी खाल्लेलं. तो फ्रिज मोजला तेव्हा आत १४ अंश होते. ५ च्या खाली असायला हवे होते. तुम्हाला घाबरवत नाही, अशी गोष्ट क्वचित होते. पण वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आपला फ्रिज कसा असतो ते आठवा. केक, शीतपेयांच्या बाटल्या, दह्याचं भांडं, दर पाच मिनिटांनी उघडणारं दार, वर मे महिन्यात वीज जाते. त्यात खोल पातेलंभर कोमट पास्ता ठेवलात तर त्याचं पोट तासन्‌तास गार होत नाही.

म्हणून माझा सल्ला, शक्य असेल तर पास्ता त्याच दिवशी दुपारी तीन-चारला शिजवा. मसाला, तोरं, गाजर, ढोबळी मिरची आदल्या रात्री तयार ठेवा, मग दुपारचं काम पाऊण तासाचं उरतं. त्या दिवशी सकाळी देवळात जायचं असलं तरी हे जमतं. पण दुपारी घरात कोणीच नसेल आणि रात्रीच करणं भाग असेल, तर शिजवून, बर्फाच्या पाण्याने धुवून, निथळून, निम्मा मसाला चोळून परातीत दोन बोटं जाडीचा थर पसरा आणि झाकून तासाभरात फ्रिजमध्ये ढकला. बाटल्या बाहेर काढून बर्फाच्या बादलीत ठेवा, त्यांचं काही बिघडत नाही.

संध्याकाळी काढल्यावर तो थोडा टणक लागेल. घाबरू नका. दोन-तीन मोठे चमचे गरम पाणी शिंपडून हलक्या हाताने मोकळा करा, मग मेयोनेज मिसळलेला उरलेला मसाला, काकडी-टोमॅटो, चीज, कोथिंबीर, काजू. मग चाखा. दहातल्या आठ वेळा आणखी मीठ आणि थोडं आंबट लागतं.

गच्चीवर सगळं एकदम मांडू नका. अर्धं खाली फ्रिजमध्ये राहू द्या. वरचं भांडं बर्फ घातलेल्या परातीत बसवा. बाहेर एरवी दोन तास धरतात, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. फोंड्यात मे महिन्यात संध्याकाळी सहालाही उन्हात तापलेली गच्ची गरमच असते, म्हणून तासच धरा. मोठी माणसं एका कोपऱ्यात गप्पांना बसली की (सोमवार असल्याने उर्राक, म्हणजे काजूची दारू, नसेल असं मानतो) भांड्याकडे कोणाचं लक्ष राहत नाही. एकीला घड्याळ बघायला सांगा. तास झाला की खालचं दुसरं भांडं वर आणा. पहिल्यात राहिलेलं टाकून द्या, जीव कळवळला तरी.

आणि ज्यांच्याकडे सोमवार नाही त्यांच्यासाठी एक ओळ: गोव्याचे चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) यात अफाट लागतात, पण ते कच्चे असतात, पूर्ण परतून, सुटलेलं लाल तेल मसाल्यातल्या तेलाच्या जागी वापरायचं.

ताई, खालच्या फ्रिजमधलं भांडं वर गेलंच नाही, तर ते मंगळवारी दुपारपर्यंत खायला हरकत नाही. मंगळवारी बंधन नाही, त्यात मूठभर परतलेली सुंगटं (कोळंबी) घालून बघा.